आकाशकंदिलाशेजारी सांता: नाताळचा माल भरायचा कधी, मांडायचा कधी?

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. सांगलीत विश्रामबागला तुमचं गिफ्ट आणि स्टेशनरीचं दुकान आहे, हे दुसरं वर्ष. गेल्या वर्षी ऐन दिवाळीत जवळच्या एका मोठ्या दुकानात ख्रिसमस ट्री उभं राहिलं, ते बघून तुम्हीही घाईने टोप्या आणि झाडं बाहेर काढलीत. दोन-तीन गिऱ्हाइकांनी तोंडावर सुनावलं, "अजून लक्ष्मीपूजन व्हायचंय, इथं सांता कशाला?" माल बेताचाच खपला आणि जानेवारीत तीन खोकी शिल्लक राहिली. आता गणपती झाले, तर मुंबईच्या व्यापाऱ्याचे फोन सुरू झालेत: आत्ताच ऑर्डर द्या, पाच टक्के कमी लावतो. घ्यावा का, आणि घेतला तर यंदा बाहेर कधी लावावा, एवढं तुम्हाला ठरवायचं आहे.

मी २७ वर्षं गणपती पेठेत हंगामी मालाचं दुकान चालवतो. राख्या, मखराचं सामान, आकाशकंदील, नाताळचा माल, संक्रांतीची वाणं, पिचकाऱ्या. एक सण उतरवायचा आणि दुसरा चढवायचा, वर्षभर हेच काम. त्यामुळे जे सांगतोय ते माझ्या दुकानावरून आणि माझ्या वहीवरून. तुमचं गिऱ्हाईक वेगळं आहे, ते पुढे बोलतो.

पहिली गोष्ट, तुम्ही एकच तारीख विचारताय, पण इथे तारखा तीन आहेत. माल सांगायचा कधी, माल दुकानात यायचा कधी आणि माल मांडायचा कधी. तुम्हाला बोलणी बसली ती तिसऱ्या तारखेवरून. तुम्ही जुलैत ऑर्डर दिली असती तरी कुणाला कळलं नसतं. आणि जी तीन खोकी उरली ती पहिल्या तारखेच्या चुकीने उरली, म्हणजे काय घ्यायचं आणि किती, याचा अंदाज चुकला. दोन्ही दुखण्यांना "लवकर" हे एकच नाव दिलं की औषध चुकतं.

माल लवकर सांगावा लागतो, यात व्यापाऱ्याची लबाडी नाही. आपल्याकडे येणाऱ्या प्लास्टिकच्या झाडांचा, चकचकीत बॉलांचा, झिरमिळ्यांचा मोठा भाग चीनमधून येतो, आणि जगभरच्या नाताळच्या सजावटीचं सर्वांत मोठं ठोक मार्केट तिथल्या यिवू शहरात आहे. तिथले कारखाने उन्हाळ्यातच ऑर्डरी घेतात. मग जहाज, न्हावा शेवाला कस्टम, तिथून मस्जिद बंदर, अब्दुल रहमान स्ट्रीट, क्रॉफर्ड मार्केटची गोदामं, तिथून पुण्याची बोहरी आळी, आणि मग ट्रान्सपोर्टने आपण. या साखळीत आपण शेवटचे. मुंबईचा माणूस ऑगस्ट-सप्टेंबरात फोन करतो, कारण त्याचे पैसे मे-जूनपासून अडकलेले असतात आणि त्याला गोदाम मोकळं करायचं असतं. त्याची घाई खरी आहे. पण ती त्याची आहे, ती आपल्या दुकानाच्या दारापर्यंत आणायची की नाही हे आपण ठरवायचं.

मोठ्या दुकानांची घाई आणखी निराळी. त्यांची मांडणी सांगलीत ठरत नाही. कुठल्या आठवड्यात कुठल्या रॅकवर काय, हे दूरच्या ऑफिसातून सगळ्या शहरांना एकदम येतं. दिवाळीचं रॅक रिकामं झालं की ते एक दिवसही ओस ठेवायचं नाही, हा त्यांचा हिशोब. शिवाय त्यांना आज विकायची घाई नसते. लहान मुलाने झाड बघावं, घरी जाऊन हट्ट करावा आणि महिन्याने आईबापांनी तिथेच यावं, यासाठी ते मांडतात. तुमच्या-माझ्या दुकानात चार फुटांचं एक झाड म्हणजे अख्खा काउंटर. तिथे ऐन दिवाळीत झाड उभं केलं, तर त्या जागेवर खपणारे कंदील आणि पणत्या आत जातात. त्यांना परवडतं ते आपल्याला परवडेलच असं नाही.

ही घाई आजची नाही, आणि आपल्या देशातलीही नाही. अमेरिकेत थँक्सगिव्हिंग, म्हणजे त्यांचा आभार मानण्याचा सण, झाल्यावर नाताळची खरेदी सुरू करायची, असा रिवाज होता. तो सण नोव्हेंबरच्या शेवटच्या गुरुवारी येई. १९३९ मध्ये शेवटचा गुरुवार ३० तारखेला पडला, म्हणजे विक्रीला चार आठवडेही उरत नव्हते. दुकानदारांनी गाऱ्हाणं मांडलं आणि राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी सणच एक आठवडा अलीकडे, २३ तारखेला आणला. निम्म्या राज्यांनी ऐकलं, निम्म्यांनी जुनाच दिवस पाळला, लोकांनी एका वर्षी दोन थँक्सगिव्हिंग बघितले. शेवटी १९४१ मध्ये चौथा गुरुवार असा कायदा करून वाद मिटवावा लागला. मला यातली एक गोष्ट फार विचार करण्यासारखी वाटते. नाताळ लवकर आणता येत नाही म्हणून त्यांनी त्याच्या आधीचा सण सरकवला. दुकानदाराची घाई नेहमी आधीच्या सणाच्या अंगावर जाते. तुमच्याकडे ज्यांनी बोलून दाखवलं, त्यांना सांताचा राग नव्हता. त्यांच्या दिवाळीला तुम्ही बाजूला सारलंत असं त्यांना वाटलं.

आता आपल्या पंचांगाकडे या, कारण आपल्याकडे हा प्रश्न दर वर्षी वेगळा असतो. नाताळ २५ डिसेंबरला ठाम. दिवाळी हलती. २०२३ मध्ये लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला होतं, तिथून नाताळपर्यंत ४३ दिवस. २०२४ मध्ये १ नोव्हेंबरला, ५४ दिवस. गेल्या वर्षी, २०२५ मध्ये, २१ ऑक्टोबरला, म्हणजे ६५ दिवस. एवढ्या मोठ्या रिकाम्या पट्ट्यात बाजार अस्वस्थ होतो. कंदील उतरले, लग्नसराई अजून जोरात नाही, मग काय लावायचं? म्हणून गेल्या वर्षी सगळीकडेच नाताळ लवकर आला आणि तुम्ही त्या लोंढ्यात सापडलात. यंदा अधिक ज्येष्ठ आल्यामुळे सगळे सण पुढे गेलेत. लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला, भाऊबीज ११ ला. म्हणजे लक्ष्मीपूजनापासून नाताळपर्यंत ४७ दिवस. गेल्या वर्षीची तारीख बघून यंदाची ठरवाल तर यंदा दसऱ्यालाच सांता बाहेर येईल. अधिक मास येणाऱ्या वर्षी हंगामी दुकानदाराने इंग्रजी महिन्यावर चालूच नये, पंचांग भिंतीवर ठेवावं.

मग मांडायचं कधी? माझा नियम मला एका गिऱ्हाइकाने शिकवला. १५-१६ वर्षांपूर्वीची गोष्ट. मिरजेच्या एक निवृत्त नर्सबाई माझ्याकडे दर वर्षी यायच्या. मिरजेत डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये इस्पितळ सुरू केलं, त्याच्या आधाराने तिथे मराठी ख्रिस्ती कुटुंबांची पिढ्यान्‌पिढ्यांची वस्ती आहे. या बाई त्यांतल्याच. अस्सल मिरजेची बोली, नाताळला करंज्या, शंकरपाळ्या, लाडू करणाऱ्या. दिवाळीच्या चार दिवस आधी त्या आल्या, शेजारणीसाठी आकाशकंदील घ्यायला. मी त्या वर्षी पहिल्यांदाच लवकर माल काढला होता. दारातल्या तारेवर कंदिलांच्या मधोमध सांताचे मुखवटे टांगलेले. त्या बघत राहिल्या. म्हणाल्या, "दादा, आमच्या सणाची एवढी घाई कशाला करता? आमची अजून काहीच तयारी नाही. दिवाळी होऊ द्या की आधी." आवाजात राग नव्हता, आणि म्हणूनच ते लागलं.

त्याच बाई २७ डिसेंबरला पुन्हा आल्या. त्यांच्या दारावरच्या कागदी ताऱ्यातला बल्ब गेला होता आणि चार मेणबत्त्या हव्या होत्या. मी नाताळचा सगळा माल २६ ला सकाळीच पोत्यात भरून माळ्यावर टाकला होता, संक्रांतीची वाणं मांडायला जागा हवी म्हणून. त्यांना "संपलं" म्हणून सांगितलं. त्या म्हणाल्या, "संपलं कसं? आमचा सण तर आत्ता लागलाय." मग त्यांनी मला बसून समजावून सांगितलं. नाताळच्या आधीचे चार रविवार आगमनकाळाचे. तो तयारीचा, वाट बघण्याचा काळ. दर रविवारी एक मेणबत्ती जास्त लावायची. २५ तारखेला सण सुरू होतो आणि ६ जानेवारीपर्यंत, पूर्वेकडचे ज्ञानी लोक बाळ येशूला भेटायला आले त्या दिवसापर्यंत, चालतो. सगळीच घरं इतकं काटेकोर पाळत नाहीत, पण तारा तोवर उतरवायचा नाही, असं त्यांच्या घरी होतं.

मी त्या रात्री दुकान बंद केल्यावर बराच वेळ हिशोबाची वही उघडी ठेवून बसलो होतो. ज्यांचा सण, त्यांना हवा तेव्हा माल माझ्याकडे नाही, आणि त्यांना नको तेव्हा मी दारात टांगलेला. बारा वर्षं मी नाताळचा माल विकत होतो आणि नाताळ कधी सुरू होतो आणि कधी संपतो हे मला माहीत नव्हतं. राखीपौर्णिमेच्या बाबतीत असं झालं असतं तर मला दुकानदार म्हणवून घ्यायची लाज वाटली असती.

तेव्हापासून मी दोन खुणा धरल्या. अलीकडची खूण तुळशीच्या लग्नाची. आपल्याकडे बऱ्याच घरांत आकाशकंदील कार्तिकी पौर्णिमेपर्यंत उतरत नाही. तो घरावर आहे तोवर दिवाळी आहे, मग मी माझ्या दारातून ती का घालवू? पलीकडची खूण आगमनाच्या पहिल्या रविवारची. तो २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यान येतो. या दोन खुणांच्या मधल्या दिवसांत दुकान झाडायचं, कंदील गुंडाळायचे, तारा दुरुस्त करायच्या आणि रविवारी नाताळ दारात लावायचा. यंदा पौर्णिमा २४ नोव्हेंबरला आणि पहिला रविवार २९ ला. मांडणी बदलायला पाच दिवस मिळतात, यापेक्षा सोयीचं वर्ष मिळणार नाही. गेल्या वर्षी पौर्णिमा ५ नोव्हेंबरला आणि रविवार ३० ला, मध्ये २५ दिवस. अशा वर्षी मी मधल्या काळात लग्नाचं सामान, रुखवताच्या वस्तू, शाळांच्या स्नेहसंमेलनाची सजावट पुढे आणतो. २०२० मध्ये तर पौर्णिमा ३० नोव्हेंबरला होती आणि रविवार २९ ला, दोन्ही एकमेकांवर आले होते. त्या वर्षी दारावर एका बाजूला कंदील होते आणि दुसऱ्या बाजूला नाताळचा तारा. कुणी काही बोललं नाही, कारण दोन्ही आपापल्या दिवशी होते.

तुम्ही म्हणाल, महिनाभर आधी मांडून जी विक्री झाली असती ती गेली त्याचं काय? मी घाबरत घाबरत पहिल्या वर्षी हे केलं आणि वही बघितली. माझ्याकडे नाताळच्या विक्रीतले रुपयाला बारा आणे १५ ते २४ डिसेंबर या दहा दिवसांत येतात, आणि त्यातलाही मोठा भाग शेवटच्या चार दिवसांत. नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात लोक बघतात, हात लावतात, मुलाला टोपी घालून फोटो काढतात आणि ठेवून जातात. त्या हाताळणीत टोपीचा पांढरा फर मळतो, दारातल्या उन्हाने लाल झिरमिळीचा गुलाबी रंग होतो आणि डिसेंबरात तोच माल जुना दिसतो. लवकर मांडून मी विक्री वाढवत नव्हतो, माल खराब करत होतो.

आता व्यापाऱ्याच्या पाच टक्क्यांकडे वळतो. समजा तुम्ही १ लाखाचा माल चार महिने आधी रोखीने उचलला. पाच टक्के म्हणजे ५ हजार वाचले. बँकेची सीसी, म्हणजे धंद्यासाठीची उचल, वर्षाला ११ टक्क्यांनी धरली तर ९५ हजारांवर चार महिन्यांचं व्याज साधारण ३ हजार ४८० रुपये. हातात उरले दीड हजार. त्यातून भाडं, हमाली, खराबी काढा. आणि या मालातला शंभरातला दोनचा जरी माल पडून राहिला तरी फायदा शून्यावर येतो. तुमच्याकडे तीन खोकी पडून राहिली. म्हणून पाच टक्क्यांसाठी कधीच माल उचलू नका. निवड मिळते म्हणून, किंवा हप्त्याने पाठवतो म्हणतो म्हणून उचलावा. मी व्यापाऱ्याला सांगतो, भाव आजचा धर, निम्मा माल दसऱ्यानंतर पाठव आणि निम्मा डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात माझ्या फोनवर. चार पेढ्यांतली एक तरी हे मानते. सूट दोन टक्क्यांवर येते, पण झोप लागते.

आणि सांगलीत माल लवकर उचलण्यात एक धोका आहे, जो पुण्या-मुंबईच्या सल्लागाराच्या लक्षात येणार नाही. २०१९ ला मी जुलैच्या शेवटी नाताळचा माल आणला होता. चांगली सूट होती. राख्या दुकानात, म्हणून नाताळची अकरा खोकी मागच्या खोलीत जमिनीवर. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात कृष्णा वाढली, आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं आणि पेठा पाण्याखाली गेल्या. पाणी ओसरल्यावर शटर उघडलं तेव्हाचं मला अजून जसंच्या तसं दिसतं. खोक्यांचा पुठ्ठा लगदा झालेला, गाळाच्या थरातून हिरव्या प्लास्टिकच्या फांद्या वर आलेल्या, आणि सांताच्या टोप्यांचा कच्चा लाल रंग उतरून मागची भिंत कमरेएवढी गुलाबी झालेली. तो रंग दोन वेळा चुना मारूनही पुढच्या पावसाळ्यात पुन्हा वर आला. २०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी आलं तेव्हा माळा रिकामा होता आणि खाली फक्त राख्यांचं कपाट, ते तासाभरात वर चढवता आलं. विश्रामबागला तुमची जागा उंचावर असेल, पण तुमचं गोदाम कुठे आहे ते बघा. नदीकाठच्या पेठेत असेल तर गणपती होईपर्यंत पुढच्या हंगामाचा माल आणूच नका.

काय घ्यायचं हे तर तारखेपेक्षा महत्त्वाचं आहे, आणि तुमची तीन खोकी इथे अडकली असणार. मला विचाराल तर नाताळच्या मालाचे दोन भाग करा. एक, ज्यावर नाताळ छापलेला आहे: सांताचा चेहरा, शुभेच्छांची अक्षरं, लाल-पांढऱ्या टोप्या, रेनडिअरचे हेअरबँड. हा माल २५ नंतर मेला. दुसरा, जो नाताळात खपतो पण नाताळचाच नाही: सोनेरी आणि चंदेरी बॉल, झिरमिळ्या, साधी एलईडी माळ, रिबिनी, चांदण्या, जाड मेणबत्त्या. सोनेरी बॉल शाळेच्या गॅदरिंगला जातो, वाढदिवसाला जातो, हळदीकुंकवाच्या सजावटीला जातो आणि भाद्रपदात गणपतीच्या मखरावर चढतो. मी दोन्हींचं प्रमाण एकास तीन ठेवतो, छापील एक आणि साधा तीन. गेल्या वर्षीची तुमची खोकी उघडून बघा, त्यात बहुतेक छापील मालच निघेल. त्यातल्या टोप्या कोरड्या असतील तर यंदा त्याच आधी काढा. त्या खपल्याशिवाय नव्या सांगू नका.

झाडं घेताना फोटो बघून घेऊ नका. एक नमुना मागवा, उघडा आणि उभं करा. स्वस्त चार फुटी झाडाला फांद्या कमी आणि पाती विरळ असतात, मधला दांडा उघडा दिसतो आणि तीन पायांचं स्टँड पातळ प्लास्टिकचं असलं की पंखा लावला की झाड कलतं. गिऱ्हाईक ते परत आणतं तेव्हा २४ तारीख असते आणि तुमच्याकडे द्यायला दुसरं नसतं. फांदी मुठीत धरून एकदा ओढा. हातात पाती आली तर ते झाड नको. एलईडी माळा प्रत्येकी लावून बघायच्या, सगळ्या, यात कंटाळा करायचा नाही. सेलवर चालणारी वस्तू सेल काढून ठेवायची, नाहीतर चार महिन्यांत सेल फुटून आतला स्प्रिंग खराब होतो. लहान मुलांच्या खेळण्यात मोडणारी वस्तू असेल तर आयएसआयचा शिक्का बघा, १ जानेवारी २०२१ पासून तो बंधनकारक आहे, आणि विनाशिक्का माल पकडला गेला तर तुम्हीही सापडता. स्नो स्प्रेचे डबे मी डिसेंबरशिवाय दुकानात आणत नाही. त्यात पेट घेणारा गॅस असतो, आणि दिवाळीत आपल्या दुकानात पणत्या, उदबत्त्या, शेजारी फटाके. जे ऑक्टोबरात हे डबे मांडतात, त्यांना कुणीतरी सांगायला हवं.

माझा नियम कुठे लागू होत नाही, तेही बोलतो. तुमच्या आसपास इंग्रजी शाळा आणि बालवाड्या बऱ्याच आहेत. त्यांचे कार्यक्रम सुट्टी लागायच्या आधी, १५ ते २३ डिसेंबरमध्ये उरकतात आणि सांताचा ड्रेस, परीचे पंख, मेंढपाळाचे झगे यांची चौकशी नोव्हेंबरच्या मध्यावरच येते. चर्चचे तरुण मंडळवाले तारे आणि गव्हाणीचं सामान मोठ्या संख्येने आधी नेतात. केक करणाऱ्या ताया साचे, खोकी, सोनेरी पुठ्ठे आधी मागतात. परदेशी नातेवाइकांना पाकीट पाठवणारे नोव्हेंबरातच शुभेच्छापत्र शोधतात. यांना "२९ तारखेनंतर या" म्हणणं मूर्खपणा होईल. यांच्यासाठी माल आत तयार असतो. दारावर काही नाही, आत काउंटरखाली एक उघडं खोकं आणि नमुन्यांची वही. मागेल त्याला दिवाळीच्या दुसऱ्या दिवशीही मिळतं. आपल्या गणपती मंदिरात चतुर्थीच्या आधीच चोर गणपती बसतो. गाजावाजा नाही, मिरवणूक नाही, ज्यांना ठाऊक आहे ते दर्शनाला येतात, आणि चतुर्थीला मात्र अख्खं गाव जमतं. सांगलीकराला लवकर येणं आणि लवकर मिरवणं यातला फरक वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

मिरजेत चर्चजवळ दुकान असतं तर मी तारे आणखी आठवडाभर आधी बाहेर लावले असते. तासगाव, विटा, जतसारख्या ठिकाणी असतं तर उलट, १० डिसेंबरच्या आधी काही मांडलं नसतं, कारण तिथे गिऱ्हाईक मुख्यतः शाळेचं आणि मुलांच्या हौसेचं. तुमचं गिऱ्हाईक कोण, हे तुम्ही ओळखा. गेल्या वर्षीची बिलं असतील तर बसून तारखेप्रमाणे लावा, एका दुपारचं काम आहे. बिलं नसतील तर यंदा साध्या वहीत रोज दोनच ओळी लिहा: आज नाताळचं काय विकलं आणि काय मागितलं पण नव्हतं. दुसरी ओळ पहिलीपेक्षा जास्त शिकवते.

यंदा तुमच्या जागी असतो तर असं केलं असतं. व्यापाऱ्याला सूट सोडून देतो पण माल दोन हप्त्यांत पाठव म्हणून विचारलं असतं. पहिला हप्ता दसऱ्यानंतर, त्यात झाडं, माळा आणि साधे सोनेरी बॉल. जुन्या खोक्यांतला छापील माल वर काढून ठेवला असता. भाऊबीज ११ नोव्हेंबरला झाली की शाळांना फोन केले असते आणि नमुने घेऊन स्वतः गेलो असतो. २४ पर्यंत दारावर कंदील, सवलतीत का होईना. २९ ला सकाळी एक मोठा पांढरा कागदी तारा दारावर, आतून बल्ब लावलेला, बाकी काही नाही. झाड १ डिसेंबरला काउंटरच्या कडेला. टोप्या आणि स्नो स्प्रे १० नंतर. दुसरा हप्ता सांगायचा की नाही, ते ८ डिसेंबरच्या वहीवर.

शेजारच्या मोठ्या दुकानाची धास्ती सोडा. त्यांच्याकडे ख्रिसमस ट्री ऑक्टोबरात असेलही, पण २२ डिसेंबरच्या रात्री आठ वाजता एखाद्या बाईच्या बालवाडीतल्या मुलाला दुसऱ्या दिवशीसाठी मेंढपाळाची काठी हवी असते, तेव्हा ती तुमच्याकडे येईल, तुम्ही काउंटरवर असाल आणि माळ्यावर काय आहे हे तुम्हाला पाठ असेल तर.

आणि २६ ला तारा उतरवू नका. तो ६ जानेवारीपर्यंत राहू द्या. संक्रांतीची वाणं त्याच्याखाली मांडता येतात, जागा निघते. त्या दहा-बारा दिवसांसाठी मी एक लहान डबा काउंटरवरच ठेवतो: पांढऱ्या मेणबत्त्या, ताऱ्यात बसणारे शून्याचे बल्ब, होल्डर, दोरी आणि थोडा पांढरा पतंगी कागद. त्या नर्सबाई आता नाहीत. त्यांची सून येते, बहुतेक २८ तारखेच्या आसपास, आणि विचारायच्या आधी डब्यात हात घालते.